बूड टेकण्यापुरती जागा

बसणं हे काय काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या खुर्च्यांच्या कारखान्यात एक चक्कर मारून यावी. तिथे बसणं हे पद होतं. त्या पदावरच्या बाईंना मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे पासबाई म्हणत, आणि त्यांचं खरं नाव पगार देणाऱ्यालाही आठवून सांगावं लागलं असतं. सुतारांनी लाकूड कापायचं, वेल्डरने पाय जोडायचे, गादीवाल्या काकांनी स्पंज भरून कापड ताणायचं, आणि मग सगळ्यांनी हाताची घडी घालून बाजूला उभं राहायचं. पासबाई यायच्या, नव्या खुर्चीवर बसायच्या आणि डोळे मिटायच्या. आधी ताठ, मग मागे रेलून, मग एका अंगावर, मग पायावर पाय टाकून. चहा गार होईपर्यंत कोणी खोकतसुद्धा नसे. शेवटी त्या उठून ‘जाऊ दे’ म्हणाल्या, की खुर्ची बाजारात गेली. ‘परत’ म्हणाल्या, की खुर्ची गेली सुताराकडे, आणि सुतार गेला त्यांच्या नावाने बोटं मोडत.

या पदाचा पासबाईंना जरा माज होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती. ज्यांना बसता येतं ती, आणि ज्यांना नुसतं आपटता येतं ती. कुणाच्या घरी गेल्या की त्या आधी सोफ्याकडे बघत आणि नाक मुरडत. दवाखान्यातली बाकडी, शाळेचे बेंच, नणंदेच्या नव्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या, सगळं त्यांनी बसल्या जागी नापास केलं होतं, तेही ज्याच्या त्याच्या तोंडावर. पण त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. खोटं ‘जाऊ दे’ त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. एकदा खुद्द मालकांनी आखलेली खुर्ची त्यांनी मालकांदेखत परत पाठवली. मालक बरेच दिवस बोलले नाहीत आणि मग एके सकाळी स्वतःच त्यांच्यासाठी चहा घेऊन आले. त्यानंतर त्यांच्या शब्दाला कारखान्यात कोणी आव्हान दिलं नाही.

वर्षातून एकदा दुकानदारांचा मेळावा भरे. गावोगावचे खुर्च्या विकणारे कारखान्याच्या मोठ्या दालनात जमत, नव्या मॉडेलची पहिली खुर्ची मंचावर ठेवली जाई, आणि पासबाई सगळ्यांसमोर तिच्यावर बसत. त्यांनी ‘जाऊ दे’ म्हटलं की टाळ्या पडत, आणि मगच दुकानदार आपापल्या मागण्या सांगत. या मेळाव्यात एक आडदांड, मोठ्या आवाजाचा, सगळ्यांत मोठी मागणी देणारा दुकानदार असे. तो दरवर्षी मागच्या भिंतीला टेकून उभा राही. कुणी खुर्ची पुढे केली की म्हणे, ‘बसून धंदा होत नाही, साहेब.’ दालनभर खुर्च्या, आणि हा उभा. पासबाईंनी त्याचं नाव उभेराव ठेवलं आणि ते साऱ्या कारखान्यात चिकटलं. ‘आपण विकतो त्या मालावर जो स्वतः बसत नाही,’ त्या म्हणत, ‘तो एक तर लबाड असतो, नाही तर शेखी मिरवणारा. हा दोन्ही आहे.’

आणि मग बसण्यानेच पासबाईंशी वैर धरलं.

दुखणं अशा जागी आलं की जिथे बोट दाखवून सांगायची सोय नाही. दोन मांड्यांच्या मधोमध, अगदी तळाशी. बसलं की कुणीतरी खालून तापलेला चमचा लावून धरल्यासारखी आग. कधी सुई टोचल्यासारखं, कधी मधे खडा अडकल्यासारखं. उभं राहिलं की उतरायचं, आडवं झालं की जवळजवळ जायचं, आणि बूड टेकलं की पुन्हा हजर. पहिला महिना पासबाईंनी खुर्च्यांनाच दोष दिला. मग घरच्या पाटावर बसूनही तेच झालं, तेव्हा त्या घाबरल्या.

पहिल्या डॉक्टरांनी मूळव्याध ठरवून मलम दिलं. दुसऱ्यांनी वय विचारलं आणि वय हेच निदान म्हणून सांगून टाकलं. तिसऱ्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही, तेव्हा दुखणं मनात आहे असा निकाल दिला. ‘मन दुसरीकडे वळवा,’ ते म्हणाले. ‘मन वळवीन हो,’ पासबाई म्हणाल्या, ‘बूड कुठे वळवू?’ या डॉक्टरांची स्वतःची खुर्ची उंच पाठीची, चामड्याची, चाकांची होती आणि पेशंटला लोखंडी स्टूल होतं. बाईंनी त्यांची पारख तिथेच केली.

घरचे वैद्य वेगळेच. नणंदेने हवा भरलेलं गोल कडं आणून दिलं आणि ‘वहिनी, यावर बसा, फुलासारखं वाटेल,’ असं वर ऐकवलं. पासबाई त्यावर बसल्या तर सगळा भार खाली लोंबकळून नेमक्या त्याच जागी ओढ बसली. नवरा बस चालवायचा. दिवसभर बसून पगार घेणारा माणूस, त्याच्याकडून बाईंना काडीची अपेक्षा नव्हती. त्याने आपल्या सीटवरचं लाकडी मण्यांचं आसन काढून आणलं. ‘आम्हा ड्रायव्हर लोकांना याने फार बरं वाटतं,’ तो म्हणाला. त्या आसनाच्या एकेका मण्याचा समाचार पासबाईंनी रडत रडत घेतला. ज्याला त्याला वाटतं की दुखण्यावर उपाय म्हणजे खाली काहीतरी ठेवणं. काहीतरी काढून घेणं हाही उपाय असू शकतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

शेवटी नसांच्या एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी आधी ‘बसा’ म्हटलं नाही. ‘उभ्या उभ्या सांगा, चालेल,’ म्हणाल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

‘कमोडवर बसल्यावर दुखतं का हो?’

पासबाई विचारात पडल्या. हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. ‘नाही,’ त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच उत्तराचं त्यांना नवल वाटलं.

‘मग तेच. ओटीपोटाच्या तळातून एक नस जाते, बसायच्या दोन हाडांच्या आतल्या बाजूने. ती चिडली आहे. मधे दाब आला की ओरडते. कमोडला मधे काही नसतंच, म्हणून तिथे ती गप्प राहते.’

‘बरी होईल?’

‘शांत होईल, बहुतेक. पण वेळ घेईल, आणि किती ते मी खोटं सांगणार नाही.’

या एका वाक्यावर पासबाईंनी त्यांना पास केलं. डॉक्टरीणबाईंनी काही गोष्टी समजावल्या. भार दोन हाडांवर यावा, मधे मोकळं असावं. मऊ गादी टाळायची, कारण त्यात माणूस रुततो आणि गादी मधून वर येऊन त्याच नसेला ढोसते. एकाच बैठकीत फार वेळ राहायचं नाही. आणि दुखत असताना दात-ओठ खाऊन बसून राहण्यात काही शौर्य नाही.

मग घरी बैठकांच्या परीक्षा सुरू झाल्या. दोन टॉवेलांच्या घट्ट गुंडाळ्या करून एकेक मांडीखाली: बरं, पण गुंडाळ्या सरकतात, परत. पलंगाच्या कडेवर एक ढुंगण टेकून, दुसरा पाय जमिनीवर: पाच ओळी पेपर वाचण्यापुरतं जाऊ दे. उशीवर गुडघे टेकून टेबलाशी: नस खूश, गुडघे नाराज. आरामखुर्चीत पार मागे रेलून, म्हणजे भार पाठीवर जातो: चांगलं, पण असं रेलून भाजी चिरता येत नाही. कुशीवर आडवं पडून टीव्ही: उत्तम, फक्त सगळ्या बातम्या तिरक्या. जेवण त्या स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या राहून उरकू लागल्या. एके दिवशी नवराही ताट घेऊन शेजारी येऊन उभा राहिला.

‘तुम्हाला काय धाड भरलीय? बसा की,’ पासबाई खेकसल्या.

‘दिवसभर बसतोच की,’ तो म्हणाला आणि आमटी ओरपू लागला.

पासबाईंना त्याचा राग आला. पण त्या दिवशी जेवण अंगी लागलं, हेही त्यांना कबूल करावं लागलं.

घरचं निभत होतं. खरा प्रश्न कारखान्याचा होता. मालकांचं वय झालं होतं आणि कारभार आता त्यांच्या जावयाच्या हाती होता. त्याला सगळे जावईबापू म्हणत, आणि त्यात किती आदर होता ते म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळे. जावईबापू परदेशी शिकून आले होते आणि त्यांना बसण्याचं यंत्र आणायचं होतं. लोखंडाचं एक बूड हजारो वेळा खुर्चीवर आपटतं आणि आकडा सांगतं, असं ते यंत्र. ‘माणसाचा भरवसा काय,’ ते म्हणत. मालक मान हलवत आणि म्हणत, ‘पासबाई आहे तोवर नको.’ म्हणजे पासबाईंना बसता येत नाही हे बाहेर फुटलं, की दुसऱ्या दिवशी लोखंडी बूड दारात. उमेदीची सगळी वर्षं ज्या कामात गेली, ते काम एका चिडक्या नसेपायी जाणार होतं. म्हणून बाईंनी मिठाची गुळणी धरली.

चहाच्या वेळी सगळे बसत, त्या खांबाला टेकून उभ्या राहत. कुणी विचारलं, ‘पासबाई, उभ्या का?’ तर त्या नाक उडवून म्हणत, ‘बसणं हे माझं काम आहे. फुकट का बसू?’

हे वाक्य कारखान्याला इतकं आवडलं की विचारू नका. पॅकिंगच्या बायका ते एकमेकींना ऐकवू लागल्या. मालकांनी ते फोनवर दोन दुकानदारांना सांगितलं. बाईचा बाणेदारपणा बघा, म्हणे. माणसाला खरं दिसत असलं तरी कानाला गोड लागेल तेच तो धरून ठेवतो. पासबाई मनातल्या मनात या साऱ्यांना मूर्ख म्हणत आणि खांबाला टेकून भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत.

त्यांना खरंखुरं बसता येईल अशी कारखान्यात एकच जागा होती, आणि ती म्हणजे बायकांचा संडास. कमोडवरचं स्वस्तातलं प्लास्टिकचं बसकं, कोण्या दुसऱ्याच कंपनीचं. साऱ्या आवारात खुर्च्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणि पासबाई दुपारचा अर्धा तास आत कडी लावून बसत. एकदा पॅकिंगच्या बाईने दार ठोठावलं.

‘पासबाई, आत आहात ना? बरं आहे ना तुम्हाला?’

‘इथेच बरं आहे,’ आतून उत्तर आलं.

त्या वर्षीच्या मेळाव्यासाठी जावईबापूंनी ‘स्वर्ग’ नावाची खुर्ची काढली. नावावरूनच पासबाईंचं डोकं उठलं. त्या बसल्या आणि पाण्यात बुडताना माणूस मोजतो तसे श्वास मोजून उठल्या. ‘परत.’ जावईबापूंनी स्पंजाचा आणखी एक थर घातला. ‘परत.’ मग त्यात मऊशार जेलीची गादी भरली, वर मखमल चढवली. ती बैठक इतकी मऊ होती की बूड आत आणि जेली वर. बाईंच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. ‘परत.’

जावईबापूंचा तिळपापड झाला. मालक मात्र खूश. ‘बाई दिवसेंदिवस कडक होत चाललीय,’ ते म्हणाले. पण पासबाईंची झोप उडाली होती. कारण त्यांना आता कळेना, की आपण नापास करतोय ते खुर्चीला की आपल्या नसेला. कारागीर त्यांच्या एका शब्दावर लाकूड फोडत होते, शिवण उसवत होते, आणि तो शब्द खरा होता की नाही ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. ‘जाऊ दे’ म्हणून टाकलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण जीभ वळेना. काम गेलं तर दुसरं काहीतरी करता येईल, शब्द गेला तर मागे काय उरतं, या विचाराने त्या खांबाला टेकून दुपारभर कुढत राहिल्या.

मग त्यांनी ठरवलं, की खोटं पास करायचं नसेल तर खरी पास होईल अशी खुर्ची करून घ्यायची. त्या गादीवाल्या काकांकडे गेल्या आणि ‘स्वर्ग’ची उघडी फळी समोर ठेवून खडूने रेघ मारली. मागच्या कडेपासून मध्यापर्यंत पंजाएवढं मोकळं, आणि दोन्ही बाजूंना मऊ नाही, चांगला घट्ट स्पंज.

‘हे काय, पासबाई?’ काकांनी विचारलं.

‘कापा,’ पासबाई म्हणाल्या.

काकांनी कापलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर पासबाईंनी ती खुर्ची गोदामात ओढून नेली आणि खोक्यांच्या आड बसून पाहिली. त्या आगीची वाट बघत राहिल्या. आग आली, पण लांबून, शेजारच्या घरात कुणी खोकावं तशी, आणि तिथेच थांबली. बाईंनी डबा उघडला. कित्येक महिन्यांनी त्या माणसासारख्या बसून जेवल्या. पोळीचा शेवटचा घास तोंडात असताना त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

‘ही पास,’ त्यांनी जावईबापूंना गोदामात बोलावून सांगितलं.

जावईबापूंनी खुर्चीला एक प्रदक्षिणा घातली आणि दार लोटून घेतलं. ‘पासबाई, हा संडास आहे.’

‘बसून बघा.’

ते बसले, उठले. ‘बसायला वाईट नाही,’ म्हणाले. ‘पण लोक काय म्हणतील? ठीक आहे, मी बघतो. हिच्यावरून मेळाव्याची करवून घेतो, थोडं फिनिशिंग करून.’

फिनिशिंग म्हणजे काय, हे पासबाईंनी विचारलं नाही. सगळ्या जगाच्या चुका काढणाऱ्या बाईंनी आयुष्यात एवढी एकच ढिलाई केली, कारण त्या फार आनंदात होत्या. मेळाव्यात सगळ्यांसमोर बसायचं, आणि दुखू न देता बसायचं, या कल्पनेनेच त्यांचं पाऊल हलकं पडत होतं.

मेळाव्याच्या दिवशी दालन भरलं. मागच्या भिंतीला उभेराव नेहमीप्रमाणे टेकलेला. ‘बसून धंदा होत नाही,’ असं त्याने खुर्ची आणून देणाऱ्या मुलीला ऐकवलंच. मंचावर ‘स्वर्ग’ ठेवली होती, डाळिंबी मखमलीत, वर दिवे सोडलेले. जावईबापूंनी दोन शब्दांच्या नावाखाली मोठं भाषण केलं आणि पासबाईंना बोलावलं. बाईंनी पदर खोचला, पायऱ्या चढल्या आणि बसल्या.

बसताक्षणी त्यांना कळलं. भोक बुजवलं होतं. मधे जेली ठासून वरून मखमल शिवली होती, आणि आता ती जेली नेमकी त्या नसेला खालून ढोसत होती. बाईंनी डोळे मिटले. ताठ, मग रेलून, मग एका अंगावर, मग पायावर पाय. सगळं त्यांनी रीतसर केलं. कपाळावर घाम फुटला. समोर जावईबापू पहिल्या रांगेत हसत बसले होते, मालक काठीवर हनुवटी टेकून बघत होते, आणि दालनात चिडीचूप.

‘जाऊ दे’ म्हणावं तर ते खोटं. आणि गंमत अशी, की ‘परत’ म्हणावं तर तेही खोटं. धडधाकट माणसाला ही खुर्ची छानच वाटली असती. आजवर ज्या दोन शब्दांवर त्या जगल्या, त्यांतला एकही आज त्यांच्या कामाचा नव्हता.

पासबाई उठल्या.

‘खुर्ची चांगली आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या बुडांना काही होणार नाही. बिघडलंय ते माझं.’

कुणीतरी फिसकन हसलं.

‘हसा. वर्ष होत आलं, मला बसता येत नाही. ओटीपोटाच्या तळाची नस दुखते, इथे, दोन मांड्यांच्या मधे. बसलं की आग होते. फुकट का बसू, असं सांगत मी मिरवत होते ते खोटं होतं. मला बसवत नव्हतं. ही खुर्ची मी पुन्हा पुन्हा परत पाठवली, त्यात कारागिरांचा दोष नव्हता. मला मधे मोकळी असलेली खुर्ची चालते. तशी एक करून घेतली होती. तशीच ही व्हायची होती, पण दिसायला बरी नाही म्हणून हिचं मधलं बुजवून टाकलं. आता हिला पास करायचं तर दुसऱ्या कुणाला बसवा. माझा शब्द इथून पुढे धरू नका.’

दालनातले शंभर शहाणे एकदम छताकडे बघू लागले. काहींना फोनवर महत्त्वाचे निरोप आले. मांडी हा शब्द चारचौघांत ऐकून एका दुकानदाराने घसा खाकरला आणि ‘बायकांचं काहीतरी असतं,’ असं शेजाऱ्याला समजावलं. दिवसभर बुडांवर धंदा करणारी ही माणसं, पण बूड दुखतं म्हटल्यावर त्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. जावईबापूंनी माइक ओढून घेतला आणि आमच्या पासबाई फार विनोदी आहेत असं जाहीर केलं. मग त्यांनी दुकानदारांना स्वतःच मंचावर येऊन बसायला सांगितलं. रांग लागली. एकेक जण ‘स्वर्ग’वर आपटला, ‘वा’ म्हणाला आणि उठला. टाळ्या पडल्या, मागण्या सांगून झाल्या. पासबाईंच्या शब्दावाचून कुणाचं काही अडलं नाही, आणि हे त्यांना त्या आगीपेक्षा जास्त झोंबलं.

पायऱ्या उतरताना मालकांनी काठी आडवी धरली.

‘यंत्र येणार आता,’ ते म्हणाले. ‘मला फार दिवस थांबवता यायचं नाही.’

‘येऊ द्या.’

‘पण तू उद्या ये. बसू नकोस, पण ये.’

काय करायला ते त्यांनी सांगितलं नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही.  त्या तडक गोदामात गेल्या. काकांनी कापलेली ती पहिली खुर्ची खोक्यांच्या आड तशीच होती. पायांत गोळे आले होते, तळाशी आग भडकलेली होती, आणि आता या जगात त्यांना फक्त तिच्यावर बसायचं होतं. त्यांनी हात टेकला तोच मागे दार वाजलं.

दारात उभेराव.

आला तोंडसुख घ्यायला, असं पासबाईंच्या मनात आलं, आणि त्याला ऐकवायचं एक चांगलं झणझणीत वाक्यही त्यांच्या जिभेवर तयार झालं. पण उभेरावाने आत येऊन आधी मागे वळून बघितलं आणि दार लावून घेतलं. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण आता कुजबुजत होता.

‘ती मधे मोकळी आहे म्हणालात,’ तो म्हणाला, ‘ती कुठली?’

पासबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या पायांकडे, एका पायावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या भाराकडे, भिंतीला टेकून टेकून खांद्यावर झिजलेल्या कोटाकडे. इतकी वर्षं हा माणूस त्यांच्या समोर उभा होता. माणसं कशी बसतात हे ओळखण्याचा ज्यांना गर्व, त्यांनी हा का बसत नाही याचा एकदाही विचार केला नव्हता. त्यांना स्वतःची फार शरम वाटली.

त्या खुर्चीपासून बाजूला झाल्या. ‘बसा.’

उभेरावाने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले. आधी एका अंगावर टेकला, थांबला, मग दुसरं अंग हळूच खाली सोडलं. श्वास धरून ठेवलेला. ही रीत पासबाईंना तोंडपाठ होती.

‘कधीपासून?’ त्यांनी विचारलं.

‘बसून धंदा होत नाही म्हणायला लागलो, तेव्हापासून.’

त्याने धरलेला श्वास सोडला. मग आणखी एक. त्याचे खांदे खाली आले आणि डोळे मिटले. पासबाई वाट बघत उभ्या राहिल्या, जशी इतकी वर्षं कारागिरांनी त्यांची वाट बघितली होती.

‘जाऊ दे,’ त्यांनी शेवटी विचारलं, ‘की परत?’

‘पासबाई,’ डोळे न उघडता तो म्हणाला, ‘थोडा वेळ काही विचारू नका.’

बाहेरून कुणीतरी दार ढकललं. जावईबापूंचा आवाज होता. सगळ्यांत मोठ्या मागणीवाले ते दुकानदार कुठे गेले, कुणी पाहिलंय का, आत कोण आहे. पासबाईंनी दाराला पाठ लावली, आणि दुखत्या पायांवर सगळा भार घेऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या.

‘खुर्ची तपासणं चालू आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आत येऊ नका.’